वरच्या मजल्यावर शॉवरला धार नाही, बोअरची मोटर बदलायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. तुम्ही लिहिलंय की सासवडजवळ तुमचं ग्राउंड प्लस वन घर आहे, घरचीच बोअर आहे २२० फुटांची, त्यात १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायची मोटर) १६० फुटांवर सोडलीय, गच्चीच्या स्लॅबवर १००० लिटरची टाकी. सात वर्षं काही त्रास नव्हता. दिवाळीनंतर वरच्या बाथरूमचा शॉवर नुसता ठिबकायला लागला, खाली किचनला पाणी बऱ्यापैकी येतंय, आणि टाकी भरायला आधी चाळीस मिनिटं लागायची तिथे आता पावणेदोन तास लागतायत. प्लंबर म्हणतो १४ हजारात प्रेशर पंप बसवा, मोटरवाला म्हणतो मोटर दमलीय दीड एचपीची टाका, शेजारचे म्हणतात बोअर अजून १०० फूट खाली न्या. आणि तुम्ही विचारताय की तिघांपैकी कोणाचं ऐकू.

माझं बावीस वर्षांचं काम याच भागातलं आहे, मोटर काढणं-सोडणं आणि घरचं प्लंबिंग दोन्ही, म्हणून सांगतो, आत्ता तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्याकडे पाण्याचे दोन वेगळे प्रवास आहेत. एक बोअरपासून टाकीपर्यंत, तो मोटरच्या जोरावर होतो. दुसरा टाकीपासून नळापर्यंत, तो फक्त उंचीच्या जोरावर होतो. मध्ये टाकी आहे. टाकीत पाणी एकदा पडलं की शॉवरला माहीतही नसतं की खाली १ एचपी आहे का ५ एचपी. त्यामुळे शॉवरला धार नाही म्हणून मोटर बदलणं, किंवा टाकी उशिरा भरते म्हणून प्रेशर पंप बसवणं, दोन्हीत पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही प्रवासांत एकेक अडचण आहे आणि दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्यामुळे एकच वाटतायत. (त्यांचा एकमेकांशी थोडा संबंध आहे, तो पुढे सांगतो.)

घर न बघता लिहितोय, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या पाइपलाइनवर अवलंबून राहणार. पण टेस्ट मी सांगतो त्या क्रमाने केल्या तर उत्तर तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि त्याला लागतं काय तर २० लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच.

आधी बोअर ते टाकी. टाकी रिकामी होत आली की कोणालातरी गच्चीवर बादली घेऊन उभं करा, टाकीत पडणाऱ्या पाइपाखाली बादली धरायची. खाली स्टार्टर दाबला की फोनवर सांगायचं आणि तिथून तीन गोष्टी लिहून ठेवायच्या. बटण दाबल्यापासून पहिलं पाणी यायला किती सेकंद लागले. बादली भरायला किती सेकंद लागले. आणि दहा मिनिटांनी व पंचवीस मिनिटांनी परत बादली धरली तर किती लागले. आधी चाळीस मिनिटांत १००० लिटर भरायचे म्हणजे मिनिटाला २५ लिटर, म्हणजे २० लिटरची बादली तेव्हा ४८ सेकंदांत भरत होती. हा तुमचा जुना आकडा, याच्याशी तुलना करायची.

आता जर पहिली बादली ४८-५० सेकंदांतच भरली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी धार एकदम बारीक झाली, मध्ये मध्ये फसफस करत हवा यायला लागली, तर मोटर ठणठणीत आहे. बोअरचं पाणी कमी पडतंय. माझा अंदाज तुमच्याकडे हेच निघेल, कारण दिवाळीनंतर सुरू झालं आणि आता मार्च लागलाय. आपल्या राज्याचा जवळपास ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे, आणि या दगडाच्या पोटात पाणी साठत नाही, ते फक्त वरच्या मुरमात आणि दगडाच्या फटींमध्ये असतं. पावसाळ्यात फटी भरतात, मग उतरत जातात.

पण उरलेलं पाणी कमी आहे का, तर हिशोब करून बघा. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. समजा तुमच्या बोअरचं पाणी आत्ता १०० फुटांवर उभं आहे आणि मोटर १६० वर, म्हणजे मोटरच्या वर ६० फूट पाणी, म्हणजे ३९० लिटर. हा झाला साठा. मोटर मिनिटाला २५ लिटर ओढते आणि फटींमधून येतं समजा ६ लिटर, तर वीस मिनिटांत साठा संपला, तोपर्यंत टाकीत ५०० लिटर पडले, आणि राहिलेले ५०० लिटर ६ लिटरच्या वेगाने भरायला ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं. एकूण किती झाले, पावणेदोन तास! तुमचा आकडा नेमका इथे येऊन बसतो. अंदाजाचा खेळ आहे, पाणी १०० फुटांवर नसेलही, पण चित्र असंच असतं.

आता यातली खरी गोष्ट अशी की मिनिटाला ६ लिटर म्हणजे दिवसाला ८६४० लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, तुमची पाच माणसं म्हणजे पावणेसातशे लिटर. मे महिन्यात बोअर याच्या निम्म्यावर आली तरी तुम्हाला पुरून उरेल. म्हणजे बोअर आटलेली नाही, तुम्ही तिच्याकडून एका दमात मागताय एवढंच. सकाळी वीस मिनिटं मोटर चालवा, बंद करा, बोअरला दीड-दोन तास भरू द्या, परत वीस मिनिटं. टाकी भरली. यासाठी टायमर मिळतो, आणि त्याच्यासोबत ड्राय रनची सोय असलेला पॅनेल बसवा, पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करतो. हे मी हौस म्हणून सांगत नाही. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, पाणी नसताना ती रोज तासभर फसफस करत चालली की कधी ना कधी वाइंडिंग (आतली तांब्याची गुंडाळी) जळू शकतं. तुम्ही रोज पावणेदोन तास चालवताय त्यातला तासभर तेच चाललंय, हे आजच थांबवा.

आणि म्हणूनच दीड एचपी नको. जेवढी मोटर मोठी तेवढा साठा लवकर संपणार. एका गिऱ्हाईकाने माझं न ऐकता दुसऱ्याकडून १ ची काढून २ एचपीची टाकून घेतली होती, पहिली पाच मिनिटं गच्चीवर असा धो धो पाइप वाहायचा की घरातले सगळे खूश, आणि पुढच्याच मे महिन्यात मोटर जळाली. मी ती वर काढली तेव्हा बोअर अगदी नीट होती हो, पाणी हळूहळू येतच होतं. त्या माणसाचे मोटरचे, केबलचे आणि काढण्या-घालण्याचे पैसे गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी शक्यता, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत धार सारखीच बारीक, हवा नाही काही नाही. मग बोअरला दोष देऊ नका, मोटर किंवा पाइप बघायचा. आधी व्होल्टेज. मोटर चालू असताना पॅनेलवरचा काटा बघा, २३० च्या जागी १७०-१८० दाखवत असेल तर मोटर फिरते पण जोर धरत नाही, सकाळी सगळ्या वस्तीच्या मोटरी एकदम चालू होतात तेव्हा हे हमखास होतं, दुपारी चालवून बघा. मग कपॅसिटर (मोटर चालू व्हायला मदत करणारा पॅनेलमधला छोटा डबा), तो काही शे रुपयांचा असतो आणि तो उतरला तरी मोटर गेली असंच वाटतं. त्यानंतर पंपातले इम्पेलर (पाणी वर ढकलणारी चाकं), बारीक वाळू-मुरूम ओढून ते झिजतात. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर असेल तर अँपिअर घ्या आणि मोटरच्या प्लेटवरच्या किंवा बिलासोबतच्या कार्डावरच्या आकड्याशी ताडून बघा. (ज्यांच्याकडे थ्री फेज आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मरचं किंवा मीटरचं काम झाल्यावर दोन फेज उलटसुलट लागले तर मोटर उलटी फिरते, पाणी येतं पण एकदम कमी. दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. सिंगल फेजला हे होत नाही.)

तिसरी, पाणी वर पोचायलाच वेळ लागतो, आधी दहा सेकंदांत यायचं आता मिनिट-दीड मिनिट लागतं. याचा अर्थ मोटर बंद झाल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरून जातंय. एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) धरत नसेल, किंवा कॉलम पाइपाला (मोटरपासून वर येणाऱ्या पाइपाला) चीर किंवा जॉइंटला लीक. मोटर चालू असताना बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा झरझर आवाज आला तर पाइप फुटलाय, मोटरने वर चढवलेलं पाणी परत बोअरमध्येच पडतंय. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. एक सावधगिरी, वरच्या फटीतून पाझरणारं पाणी पण पडताना आवाज करतं, म्हणून मोटर बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी परत ऐका, तेव्हा शांत असेल तरच पाइप.

रीबोअर किंवा खोल करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या दगडात खाली गेलं की पाणी वाढेलच याची काही खात्री नसते, फट लागली तर लागली, नाही तर कोरडी पावडर आणि फुटाप्रमाणे बिल. त्याआधी दोन गोष्टी करता येतात. तुमची बोअर २२० आहे आणि मोटर १६० वर, म्हणजे मोटर ३०-४० फूट खाली सोडायला जागा आहे, तळाचा गाळ सोडून निदान १५-२० फूट वर ठेवायची. तेवढ्याने साठा दोन-अडीचशे लिटरने वाढतो. हे सात वर्षांत एकदाही मोटर बाहेर काढली नसेल तर सर्व्हिसिंगसोबतच उरकून घ्या. खोली वाढल्याने १ एचपीला जास्त उंच चढवावं लागणार, धार थोडी कमी होईल, ते चालतं.

दुसरी गोष्ट छताचं पाणी. १००० स्क्वेअर फूट गच्ची आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच धरला तरी ४६ हजार लिटर पडतं, वाया जाणारं सोडून ३५ हजाराच्या वर हातात येतं. ते आत्ता गटारात जातंय. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्यायचे, मग फिल्टरच्या खड्ड्यातून बोअरच्या बाजूला जिरवायचं. थेट बोअरच्या तोंडात पाइप सोडू नका, गच्चीवरची पक्ष्यांची घाण पिण्याच्या पाण्यात जाते. तुमच्या भागात पाण्याची पातळी कशी उतरत जाते ते बघायचं असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, मुख्य ऑफिस पुण्यातच आहे, जाऊन विचारलं तर समजतं.

आता टाकी ते नळ, म्हणजे तुमचा शॉवर.

३३ फूट उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं. तुमची टाकी स्लॅबवरच आहे, तिथून वरच्या मजल्याचा शॉवर ३ फूट खाली, टाकीत दोन-तीन फूट पाणी धरलं तर एकूण ५-६ फूट. म्हणजे पाव किलोपण नाही. किचनचा नळ मात्र आणखी एक मजला खाली, त्याला १८-२० फूट मिळतात. म्हणून खाली चांगलं आणि वर कमी हे तुमच्या घरात पहिल्या दिवसापासून असणार, त्यात नवीन काही नाही. पण सात वर्षं शॉवर चालत होता आणि आता ठिबकतोय, याचा अर्थ उंची तीच असून मधे काहीतरी अडलंय. "कधीच नव्हतं" आणि "होतं, आता गेलं" हे दोन आजार वेगळे आहेत. पहिल्याला प्रेशर पंप किंवा टाकी उंच करणं हा उपाय, दुसऱ्याला साफसफाई. तुमचा दुसरा आहे.

आणि इथे दोन्ही प्रवासांचा तो संबंध येतो. बोअरचं पाणी मोटरपर्यंत उतरलं की मोटर पाण्यासोबत बारीक गाळ ओढते. तो टाकीत बसतो, आणि टाकी पूर्ण भरलेली नसली की ढवळून आउटलेटमधून खाली निघतो, मग शॉवरच्या, नळाच्या, अँगल कॉकच्या जाळीत जाऊन बसतो. किचनला १८ फुटांचा जोर असल्यामुळे अर्धी बंद जाळीसुद्धा कळत नाही, वर ५ फुटांवर तीच जाळी पाणी थांबवते. शिवाय टाकी अर्धीच राहिली तर वरच्या मजल्याची दीड फूट उंची गेली, पाचातली दीड म्हणजे खूप झाली, खालच्याला काही फरक पडत नाही. सासूबाईंना बादलीने आंघोळ करावी लागते असं तुम्ही लिहिलंय, त्यांना आधी जो दिलासा मिळेल तो इथूनच मिळेल.

करायचं असं. शॉवरचं तोंड पान्याने खोला आणि नुसत्या पाइपातून पाणी सोडून बघा. धार भरून आली तर दोष शॉवरचा. त्याच्या छिद्रांत पांढरं कडक असेल तर क्षार, रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. तांबूस-करडी माती निघाली तर मी वर म्हटलं ते गाळाचं खरं. नुसता पाइप सोडूनही धार नसेल तर गार आणि गरम वेगवेगळं उघडून बघा. फक्त गरम कमी असेल तर गिझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह किंवा गिझरमध्ये साचलेला क्षार. दोन्ही कमी असेल तर बेसिनचा नळ बघा, तोही कमी असेल तर मग बाथरूमच्या बाहेर, गच्चीवर जायचं.

गच्चीवर मी पहिला हात घालतो तो आउटलेटच्या गेट व्हॉल्व्हला. पितळी गेट व्हॉल्व्ह सात-आठ वर्षांत आतून तुटतो, वरचं चाक मस्त फिरतं आणि आतली पाती अर्धी खाली पडलेली असते. बाहेरून काही दिसत नाही. माणसं पंप बसवतात आणि हा व्हॉल्व्ह तसाच राहतो. काढून फुल बोअरचा, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच असलेला, बॉल व्हॉल्व्ह टाका. त्याच वेळी टाकी रिकामी करून धुऊन घ्या, आउटलेट तळापासून दोन इंच तरी वर आहे का बघा.

मग एअरलॉक. गच्चीवरची लाइन कुठे कठड्यावरून वर चढून खाली उतरलीय का बघा, टाकी रिकामी झाली की तिथे हवा अडकते आणि पाण्याला ५ फुटांचा जोर असताना ती ढकलली जात नाही. टाकी पूर्ण रिकामी झाल्यानंतर त्रास वाढतो असं तुमच्या लक्षात आलं असेल तर हेच. तात्पुरता उपाय म्हणजे मोटरच्या डायरेक्ट लाइनला नळ असेल तर तिथून नळी वरच्या नळाला जोडून हळूच पाणी उलटं सोडायचं, टाकीत बुडबुडे आले की हवा गेली. गिझरचा कॉक आधी बंद करा आणि एकदम पूर्ण उघडू नका, सबमर्सिबलचा जोर जुन्या जॉइंटला झेपत नाही. कायमचा उपाय म्हणजे आउटलेटनंतर टाकीच्या तोंडापेक्षा उंच एअर पाइप.

पाइपाची साइज मात्र घरावर अवलंबून. बिल्डरने गच्चीवरूनच अर्ध्या इंचाने लाइन आणली असेल तर अवघड आहे. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं तर अडथळा तीस पटीच्या वर जातो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. आउटलेट सव्वा इंच, उतरती लाइन एक इंच, बाथरूमपर्यंत पाऊण आणि शेवटच्या तुकड्यालाच अर्धा, असं असावं. तुमची लाइन सीपीव्हीसी (प्लास्टिकची) असेल तर आतून गंजायचा प्रश्न नाही, जीआय (लोखंडी) असेल तर एक तुकडा कापून आत बघाच.

एवढं करूनही शॉवर मनासारखा नाही झाला तर मग टाकी उंच करणं किंवा प्रेशर पंप. ५ फूट उंच केलीत तर शॉवरची उंची दुप्पट होते, पाणी साधारण दीडपटीच्या जवळ जातं. पण भरलेल्या टाकीचं वजन एक टन असतं, तिचं स्टँड कॉलम-बीमवरच यायला हवं, इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबच्या मध्यावर काही उभं करू नका. प्रेशर पंप घेतला तर अर्धा एचपी पुरे, त्याला बायपास लाइन (पंपाला वळसा घालून जाणारी) आणि एनआरव्ही टाकून घ्या म्हणजे लाइट गेली तरी आहे तेवढं पाणी येत राहील, आणि टाकी रिकामी झाली की बंद होईल असा घ्या. जुनी जीआय लाइन असेल तर पंप लावू नका, भिंतीत लीक होतात.

तर उद्या सकाळी बादलीची टेस्ट, परवा शॉवर खोलणं आणि गेट व्हॉल्व्ह, तोपर्यंत कोणाला ॲडव्हान्स देऊ नका. तीन वेळच्या बादलीचे सेकंद, पहिलं पाणी यायला लागलेला वेळ, मोटर चालू असतानाचं व्होल्टेज आणि जाळीत पांढरं निघालं का तांबूस, एवढं मला लिहून कळवा, मग मोटर वर काढायची का नाही ते नक्की सांगतो. आणि आजपासून मोटर एका वेळी वीस मिनिटांच्या वर चालवू नका.